पाणी

उणे अठरा. गॅरेजची कडी हाताला चिकटते.
भट्टी पेटली की आधी छतावरचं बर्फ गळतं,
मग माझं नाक.

तीस वर्षं मी कालायोकीच्या रस्त्यांवर
बर्फ लोटायचा ट्रक हाकला.
पोलाद नेहमी माझ्या पुढे असायचं, रुंद, खरवडत;
ते कशाचं बनलंय हे विचारावंसं वाटलं
थेट निवृत्तीच्या तिसऱ्या आठवड्यात.

आता डब्यांवर खडूने नावं:
व्होल्वोचा पाटा. गिरणीची करवत.
बेअरिंग, कुठल्या बोटीचं देव जाणे.
शाळेच्या पाडलेल्या कुंपणाचा एक गज.
आणि डब्यात न ठेवलेली, खिळ्याला टांगलेली
वडिलांची कानस.

ठिणगी बघ, रेइयो म्हणतो, ठिणगी खोटं बोलत नाही.
कानशीची ठिणगी फुटते, फुटलेली पुन्हा फुटते,
शेपूच्या फुलोऱ्यासारखी.
गजाची लांब, सरळ, बिनफांद्यांची,
निघते आणि काही न बोलता विझते,
आमच्या गावच्या माणसांसारखी.

पाटा समजूतदार. दोन घाव चुकले तरी पोटात घालतो.
बेअरिंग हट्टी: लाल झालं तरी नाहीच म्हणतं,
नारिंगी होता होता जरासं ऐकतं,
आणि त्याच्या पुढे गेलात तर भुगा.
करवतीचं पातं इतकं सरळ निघालं
की मला माझाच संशय आला.

तापलेलं पातं चुंबकाला ओळख देईनासं झालं
की समजावं, वेळ झाली.
मग तेल. कोमट, मोहरीचं, गॅरेजभर भज्यांचा वास.

कानस मी सगळ्यात शेवटी घेतली.
तिच्यावर वडिलांनी होड्यांचे खिळे घासले होते,
दात मधोमध झिजलेले.
रेइयो म्हणाला, तेल.
पण वडील तेल म्हणाले नसते.
मी बादली ओढली.

टिंग.

एवढंच. कॉफीच्या कपाला चमचा लागावा तसं.
पात्यावर एक रेघ, केसाहून बारीक,
धारेपासून पाठीपर्यंत.
रेइयोने टोपी काढली, पुन्हा घातली,
उगाच कोळसा सारत राहिला.

गजाला तर मी तीनदा पाणी दिलं.
चढेना. कानस त्याच्यावर लोण्यात फिरावी तशी फिरे.
वहीत लिहिलं: पाणी धरत नाही.
तरी बर्चची मूठ बसवली, मूठ तयार होती म्हणून,
आणि भंगारात टाकला.

तो साइमीने उचलला, सप्टेंबरात आली तेव्हा.
जंगलातून टोपलीभर अळंबी आणली,
त्याच चाकूने देठांची माती खरवडली,
टोक दगडावर वाकलं तर टाचेखाली धरून सरळ केलं.
कशाचा आहे हा?
शाळेचं कुंपण, मी म्हटलं.

ती थांबली. पातं उजेडात धरलं.
यालाच माझी जीभ चिकटली होती, बाबा. दुसरीत.
बाईंनी थर्मासमधलं कोमट पाणी ओतलं,
हळूहळू, सगळा वर्ग बघत होता.
तुम्ही ट्रकवर होतात.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता महिन्याकाठी तो टपालाने येतो,
बोथट, जुन्या मोज्यात गुंडाळलेला.
मी दगड भिजवतो, धार लावतो, परत पाठवतो;
दोन आठवडेसुद्धा टिकत नाही.
वहीतली ती ओळ मी खोडली नाही.
खाली नुसत्या तारखा लिहितो.