उरलेले अकराशे

मार्च संपायला चार दिवस,
ग्रंथखरेदीत उरलेत अकराशे रुपये.
टेबलावर दोन पुस्तकं, विषय एकच:
सत्ता कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली.

एक राखाडी, जाड. एक हजार पन्नास.
अर्ध्या पानावर मजकूर, खाली तळटिपांच्या मुंग्या,
एका पानावर पाच वेळा ‘तथापि’.
दुसरं तीनशेचं. मुखपृष्ठावर तलवार,
आत कुणाच्याही हातात नसलेली.
पहिल्याच ओळीत रात्र, कंदील, रडणारं कुत्रं,
आणि कुणी मनाशी जे म्हणालं
ते लेखकानं ऐकलेलं.

तलवारवालं फिरेल.
सातपूरहून पाळी सुटून येणारे हातोहात नेतील,
दिवाळीपर्यंत शिवण सुटेल.
राखाडी नेणार कोण?
आधीच्या खंडावर आठ वर्षांत दोन शिक्के,
त्यातला एक माझा.
(आणि खरं सांगायचं तर
काल रात्री मी तीनशेचंच वाचत बसले,
भात करपला.)

गांगुर्डेकाका आले. नोट प्रेसमधले,
बत्तीस वर्षं कोऱ्या नोटा तपासलेले.
अजूनही कुठलंही पान आधी उजेडात धरतात
रविवार कारंजाकडच्या खिडकीशी.
तलवारवालं धरलं. म्हणाले,
“वाजतंय कडक. आत धागा नाही.”

मग राखाडीची सूची काढली, शेवटून,
बोट ‘ग’वर उतरत गेलं.
गहाणखत होतं. गायरान होतं.
मधे कुणी नव्हतं.

तिसाच्या साली पंचवटीत, देवळाच्या बंद दाराशी
त्यांची आजी बसली होती.
तीनशेच्या पुस्तकात तिथे एक बाई आहे:
तिला नाव आहे, दीड पान भाषण आहे, डोळ्यांत अंगार आहे.
“आमची सुंदराबाई तोतरी होती,” काका म्हणाले.
राखाडीत एक तळटीप आहे:
‘स्त्रियाही होत्या. नावे उपलब्ध नाहीत.’
ती त्यांनी दोनदा वाचली.
“नाही, ते तरी लिहिलंय.”

मी राखाडीचं बिल केलं.
शिक्का अजून मारला नव्हता,
म्हणजे पुस्तक अजून वाचनालयाचं नव्हतं,
म्हणजे पुस्तकात लिहू नये ही पाटी
अजून त्याला लागू नव्हती.
मी पेन्सिल पुढे केली.

गहाणखत आणि गायरानाच्या मधे
त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं,
मग स्वल्पविराम दिला, आणि थांबले.

“पान कुठलं टाकू?”