ळ चा खण

कपाट सागवानी. अठ्ठेचाळीस खण,
आठ आडवे, सहा उभे.
भोरच्या यशवंत पांगाऱ्यांनी ते केलं
फडके हौदामागच्या दवाखान्यातच बसून,
रंध्याच्या सालींत पाय पसरून, पावणेदोन महिने.
डॉक्टर खळदकर म्हणाले होते, अक्षराला एक खण.
त्यांनी नातवाची अंकलिपी पुढ्यात उघडून ठेवली
आणि एकही अक्षर गाळलं नाही.
"ङ वरून आडनाव असतं का हो कुणाचं?"
डॉक्टर म्हणाले, "पुणं आहे. असेलही. राहू दे."

एकोणतीस वर्षं मी तिथं पुड्या बांधल्या.
प इतका फुगायचा की निम्मे पाटील फ मध्ये राहायला गेले,
आणि क उघडायला गुडघा लावावा लागे.
कार्डावर डॉक्टर ताप-खोकला शेवटी लिहायचे.
आधी: आंबट आवडतं. बंद खोलीत जीव घाबरतो.
स्वप्नात पेपर कोरा. वडिलांचा विषय काढला की
खोकला.
(हे मी वाचायचं नव्हतं.
पण लावताना डोळे कुठं ठेवायचे?)

रिकामे खण फार दिवस रिकामे राहत नाहीत.
ङ मध्ये डॉक्टरांचा एका काडीचा चष्मा.
ञ मध्ये बुचं.
अः मध्ये थकबाकी. हा विनोद त्यांचाच,
दर दिवाळीला एकदा सांगायचे.
ण मध्ये, उत्तर न दिलेली पत्रं.

आणि ळ.

पहिलं पाकीट सत्त्याऐंशी सालचं.
एक बाई आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या,
म्हणाल्या, नाव लिहू नका.
डॉक्टरांनी पेन उचललं, ठेवलं,
आणि म्हणाले, "पोफळेबाई, हे ळ ला लावा."
मग तसे येत गेले.
पेठेतले पेठेत चपला ओळखतात, म्हणून दुपारी,
दुकानं अर्धी मिटलेली असताना.
पोलिसातला एकजण, ज्याला शिट्टीची भीती वाटे.
एक मुलगा, फक्त गुरुवारी बोलताना अडखळणारा.
त्या बाई, ज्यांना रात्री तीनला
नळाला पाणी आल्याचा आवाज येई.
उठून पाहत. नळ कोरडा.
सतरा पाकिटं. सतरा जण, बिननावाचे,
आणि मला सगळे चालण्यावरून ठाऊक.

ळ नं कुणाचं नाव सुरू होत नाही.
खळदकरांच्या तो पोटात, माझ्या शेवटाला.
कुणी त्याला पहिल्या बाकावर बसवत नाही,
पण काढून टाका, आणि म्हणून दाखवा
बाळ. काळजी. जवळ.

डॉक्टर गेले ते मार्गशीर्षात.
जावयांना जागा मोबाईलच्या दुकानाला द्यायची होती,
माणूस वाईट नाही, मला दोन महिने दिले.
मी पोस्टकार्डं टाकली: आपले कार्ड घेऊन जावे.
त्रेचाळीस जण आले. एका म्हाताऱ्यानं
आपलं कार्ड उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला,
"एवढा घाबरट होतो मी?"
उरलेल्यांचे तुकडे केले, हातानं,
बोटांना शाई लागेपर्यंत.
ळ ला पोस्टकार्ड कुठं टाकणार?

कपाट रविवारी जुन्या बाजारात गेलं.
रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या बागवानांनी घेतलं,
खण मोजले, खूष झाले.
आता क मध्ये कंडेन्सर असतील,
किंवा नसतील, त्यांची लिपी वेगळी.

सतरा पाकिटं माझ्या पिशवीत.
आठवड्यातून एकदा, दुपारी,
मी बंद शटरच्या पायरीवर बसते.
भाजी निवडते, म्हणजे बसायला कारण होतं.
परवा एक बाई थांबल्या. केस पांढरे,
पण चालणं तेच, डाव्या पायावर जरा रेंगाळणारं.
शटरकडे पाहिलं. माझ्याकडे.
मी पिशवीत हात घातला.
त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नको अशी,
आणि विचारलं,
वेळ काय झाली?

पावणेपाच, मी म्हटलं.
त्या बसल्या थोडा वेळ.
मेथीची अर्धी जुडी त्यांनी निवडली.