सात म्हणजे सहाच

तीन फासे, सहा वेळा.
पडेल तो आकडा पडेल त्या घरात.
अदलाबदल नाही, रुसवेफुगवे नाहीत.
केतुलचा नियम,
आणि दांडिया बाजारातल्या छत्र्यांच्या दुकानावरच्या खोलीत
शनिवारी रात्री सृष्टी केतुलच चालवायचा.

बळ सहा. चापल्य नऊ.
दम तेरा, बुद्धी अकरा,
शहाणपण सोळा,
इथे मयूरेशने शीळ घातली,
आणि छाप सात.
म्हणजे जिला पिंप उचलत नाही,
खानावळवालीशी घासाघीस जमत नाही,
आणि हे जमणार नाही
ते आधीपासून ठाऊक असतं, अशी एक बाई.
मी तिचं नाव वज्री ठेवलं.
सगळ्यांना वाटलं, वज्रावरून.
मला आठवत होती न्हाणीतली, टाचा घासायची.

दिवसा मी पॅथॉलॉजीत.
तिथेही माणसं आकड्यांनीच येतात,
हिमोग्लोबिन आठ पॉइंट दोन, साखर तीनशे दहा,
छापील, खाली सही.
त्या कागदावरून कळत नाही
की हाच माणूस तीन जिने चढून
बायकोचा रिपोर्ट न्यायला स्वतः आलाय.
वज्रीचे आकडे निदान पेन्सिलीतले होते.

सोळा शहाणपणाने तिचा धंदा ठरवला: वैदू.
बाकी सगळं सहा बळाने.
दार फुटत नाही, म्हणून ती दाराला कान लावायला शिकली.
तलवार पेलत नाही, म्हणून सगळ्यांच्या मागे,
आणि मागे, म्हणून
कोण लंगडतोय ते पहिलं तिलाच दिसायचं.
मयूरेशचा अठरा बळाचा गडी
चार पातळ्या चढला
आणि प्रत्येक दाराशी तसाच वागला.

चौथ्या पातळीवर दोन गुण मिळतात.
कुठेही घाला.
"शहाणपण अठरा कर," सगळे एका सुरात.
हिशोब सरळ होता.
एक मी दमात घातला, तेराचे चौदा.
या खेळात विषम आकडा नुसता बसून असतो,
समाला पोचलात तरच पदरात काही पडतं.
दुसरा बळात.
सहाचे सात.
केतुलने कपाळाला हात लावला.
"साव नकामो! अगं, सात म्हणजे सहाच,
आठ होईपर्यंत काहीच नाही."

मला ठाऊक होतं.
माझ्या पर्समध्ये चौथ्यांदा भरायचा सरकारी फॉर्म होता.
पहिल्यांदा सव्वीस मार्कांनी गेलं होतं,
मग अकरा,
मग चार.
यादीत सव्वीसवाले दिसत नाहीत
आणि चारवालेही.

खोडरबर मागून घेतलं.
सहा खोडताना कागद पातळ झाला,
सात लिहिताना टोक आरपार गेलं.

पुढचे दोन गुण आठव्या पातळीवर होते.
आम्ही सहावीत असताना, उत्तरायणाच्या आदल्या शनिवारी,
केतुलचा कॅनडाचा व्हिसा आला.
वज्री अजून त्या भुयारात उभी असेल,
समोर लोखंडी अडसर,
आणि या खेपेला कशी कोण जाणे, सगळ्यांच्या पुढे.

कागद आहे माझ्याकडे.
कडेला शेवउसळीचा तांबडा डाग,
बळापुढे भोक.

परवा लिफ्ट बंद होती.
सॅम्पलचा खोका तिसऱ्या मजल्यावर नेताना
दोनदा खाली ठेवावा लागला.
पूर्वी तीनदा लागायचा.