छपराचे पैसे

मार्चमध्ये आम्ही सहाजणी विंडरलीला गेलो
तेव्हा दिवाणखान्यात एक बकरी उभी होती
आणि कर्नलसाहेबांच्या जागी भिंतीवर
तसबिरीएवढा उजळ चौकोन.
ओसरीचा तिसरा खांब कुजून गेलेला,
त्याच्या ऐवजी तंबाखूची पिंपं
एकावर एक रचून छताला लावलेली.
मिसेस पेटीग्रू म्हणाल्या, घर अजून उभं आहे.
मी वहीत लिहिलं : घर अजून टेकलेलं आहे.

मी चिटणीस. हेप्झिबा क्रेन, वय एकेचाळीस, विधवा.
विधवेचा एक फायदा असतो :
तिची सही चालते.
बाकीच्या पाचजणींना करारावर नवऱ्याचं नाव लागलं
आणि पेटीग्रूसाहेब नेमके शिकारीला गेलेले,
म्हणून एक अख्खं घर, दोनशे एकर आणि नदीचा काठ
एका बदकापायी
आठ दिवस अडून राहिला.

विधिमंडळाने अर्ज हसून परत केला होता.
मग पत्रं. चारशे बारा, सगळी माझ्या हातची.
मधल्या बोटाला अजून घट्टा आहे.
ओहायोच्या एका शाळेने तीन डॉलर पाठवले, सगळे सुटे,
पिशवीला शाईचा वास.
रिचमंडहून एकीने लिहिलं :
माझी दोन्ही मुलं ज्यांनी मारली
त्यांच्या बायकांच्या यादीत माझं नाव नको.
पुढच्या टपालाने तिचाच एक डॉलर आला.
सोबत पत्र नव्हतं.
तिला मी पान एकोणीसवर घातलं, ओहायोच्या खाली,
मध्ये एक ओळ मोकळी सोडून.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
आमचं तळं आधीच तयार होतं, वरच्या निजायच्या खोलीत,
आणि बाल्टिमोरचा सुतार अकरा दिवस
शिडीवर चढून विचारत होता, पाणी येतं कुठून?

ते केझायाने सांगितलं.
ती फेरीपलीकडे राहते, अंडी विकायला आली होती.
टोपली खाली न ठेवताच म्हणाली,
छपरातून नाही, धुराड्याच्या बगलेतून.
बावीस वर्षं तिथे बादली मीच ठेवायचे.
ती वर्षं कोणती, ते तिने सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही. मला माहीत होतं.

पन्नास सेंट दिले. तिने रुमालात गाठ मारली,
गाठ दाताने ओढून घट्ट केली, मग म्हणाली,
फळबागेमागचं पण धरलंय का यात?
नकाशात तिथे 'पडीक' असं लिहिलेलं.
तिथे काय आहे?
माझी माणसं, ती म्हणाली.

दगड नव्हते. जमीन ठिकठिकाणी खचलेली,
माणसाच्या लांबीची,
आणि त्यावर निळ्या फुलांची वेल
जी आपोआप तिथे उगवत नाही.

बैठकीत मिसेस पेटीग्रू म्हणाल्या,
आपण कर्नलसाहेबांचं घर वाचवतोय, बाई.
वाईट नव्हत्या त्या. दमल्या होत्या.
माझ्या वहीत रकाने चार :
छप्पर, खांब, रंग, रखवालदार.
कुंपणाला अकरा डॉलर लागणार होते.
कुंपणालाही खांबच असतात.
मी अकरा डॉलर तिसऱ्या खांबाच्या खाली लिहिले
आणि त्यांनी चष्मा न लावता सही केली.

नंतर एका दुपारी केझाया नावं सांगत गेली,
मी वहीच्या शेवटून उलटी पानं लावली.
सतरा नावं. अठराव्याला ती थांबली.
त्याचं ठेवायचं राहिलं होतं, म्हणाली,
दोनच दिवस होता तो.
मी ओळ मोकळी सोडली. मला आता सवय होती.

छप्पर मे महिन्यात झालं.
खांब पांढरे झाले, बकरीला घर मिळालं,
नदीवरून जाणाऱ्या बोटी आता शिट्टी वाजवतात.
धुराड्याची बगल मात्र अजून थोडी गळते.
बादली आम्ही पाळीपाळीने ठेवतो.
आज माझी पाळी.