दोन तारा कमी

लोकरीच्या तंतूची जाडी मोजणारं यंत्र
माझ्या टेबलावर हिरवा दिवा लावून बसलं आहे
आणि संगणक म्हणतो, उपकरण सापडलं नाही.
सापडलं नाही म्हणजे काय?
वीतभर अंतरावर आहे.
मी बोट करून दाखवलंसुद्धा.

पोर्वेनिरमध्ये आज वारा असा
की मेंढ्याही एका अंगावर कलून चरतात.
सामुद्रधुनीवरची फेरीबोट दोनदा रद्द झाली,
म्हणून पलीकडचा व्यापारी उद्या येईल,
म्हणून माझ्याकडे एक रात्र आहे
आणि छत्तीस पोती,
एकावरही अजून आकडा नाही.
आकडा नसला की तो लोकर चिमटीत धरतो,
नाकाजवळ नेतो,
आणि भाव सांगताना माझ्याकडे बघतच नाही.

दुसऱ्या पोर्टात लावलं. तिसऱ्या.
ड्रायव्हर काढला, ड्रायव्हर घातला,
संगणक बंद केला, शंभरपर्यंत मोजलं, चालू केला.
पुन्हा ये रे माझ्या मागल्या.
ओविदिओनं चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या,
यंत्रांवरचा त्याला एकच उपाय ठाऊक.
म्हणाला, थोपट जरा.
थोपटलं.
मग त्यानं जरा जोरात थोपटलं.

जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली.
माऊस होता. कीबोर्ड होता.
दोन वर्षांपूर्वी विकलेला प्रिंटरसुद्धा होता,
फिका पडून, पण होता.
वाटलं, निदान एखादा पिवळा त्रिकोण असेल.
तोही नाही.
चूक म्हणून नोंद व्हायलासुद्धा
आधी दारात येऊन उभं राहावं लागतं.

मध्येच फोन वाजला. बँक.
कालामाच्या खाणीवरून एर्विननं पैसे पाठवले,
पाच तारीख, कधी चुकत नाही.
रक्कम. वेळ. खाली काही नाही.
फोन पालथा ठेवला
आणि पुन्हा पहिल्या पोर्टाकडे वळले.

आठ वाजता यास्ना आली,
बेकरीवाल्या क्रोएशियनांची नात,
सोळा वर्षांची, केसांत पीठ.
तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही.
केबल उचलली, दोन बोटांत चोळली,
विचारलं, ही कशाबरोबर आली?
डोक्याला बांधायच्या विजेरीबरोबर, मी म्हटलं.
"मग झालं. हिच्यात दोनच तारा.
वीज जाते. बोलणं जात नाही.
बोलायला आणखी दोन लागतात."
आणि ती टेबलावरची पावाची कड खाऊ लागली.

दिवा लागतो, म्हणून आपण समजतो
की सगळं पोचतंय.

मग मूळची केबल कुठे?
खोकी उलटली, खण उपसले,
शिवणाच्या डब्यातून निघाली एर्विनच्या शाळेची शिट्टी.
ओविदिओ तेवढा गप्प, टोपी चुरगाळत.
मग तो कातरणीच्या शेडकडे गेला,
आणि थोड्या वेळानं तिकडचं दार आपटू लागलं.
दोन हिवाळे त्या जाड करड्या केबलनं
त्यानं ते खिळ्याला बांधून ठेवलं होतं.
"दोर सापडत नव्हता," एवढंच म्हणाला.

टोक फडक्यानं पुसलं, फुंकर मारली, लावलं.
टुंग.
एवढासा आवाज, चमचा कपाला लागावा तसा.
ओविदिओनं छातीवर क्रूस काढला.
पडद्यावर यंत्राचं नाव आलं,
सगळं, अनुक्रमांकासकट,
जणू कधी गेलंच नव्हतं.
पहिली बट ठेवली.
सत्तावीस दशांश चार.
यास्नानं वहीत लिहिलं, खाली रेघ ओढली,
गरज नव्हती तरी.

बाहेर दार आपटतच होतं.
ती बारकी केबल मीच नेली,
अंधारात, वाऱ्याला पाठ देऊन,
खिळ्याभोवती तीन वेढे, वर गाठ.
धरलं तिनं.
थोडा वेळ गाठीवर हात ठेवून उभी राहिले.
आतून ओविदिओ ओरडला,
पुढचं पोतं कोणतं?