एक ऑगस्ट

काल रात्री, उभ्या उभ्या झोपेत,
सगळे घोडे एक वर्षानं म्हातारे झाले.
इकडे दक्षिणेत असंच असतं. जन्मा कुठल्याही महिन्यात,
वाढदिवस एक ऑगस्टलाच.
सकाळी मी ओल्या फडक्यानं फळ्यावरचे आकडे पुसले,
चारचे पाच, सातचे आठ,
आणि लेट मेलच्या पुढे नऊ.

बालाक्लावाचं मैदान. खाडीवरून येणारा वारा
छत्रीची काडी न् काडी मोजतो.
वडिलांच्या जागी आता मी उभी असते,
त्यांचीच चामडी पिशवी गळ्यात,
आणि रांगेत पहिला, नेहमीसारखा, क्लेम पॅस्को.

चाळीस वर्षं त्याचा नियम मोडला नव्हता.
दोन वर्षांच्या घोड्यावर छदामही नाही.
गुडघ्याची हाडं अजून मिटायचीत, म्हणतो,
आज वारा, उद्या माती.
तिनाचा वजनात सूट घेऊन पळतो,
त्याचं खरं काय ते वसंतात कळेल.
चार, पाच, इथं खिसा सैल सोडायचा.
सहाला विचार. सातला नमस्कार.
आठच्या पुढे आपण घोड्यावर नाही,
त्याच्या आठवणीवर पैसे लावतो.

आज त्यानं पन्नासची नोट बोटांनी सपाट केली.
"लेट मेल. प्लेस नको. विन."
मी म्हटलं, क्लेम, नऊ झालं त्याला.
"कागदावर."
नोव्हेंबर संपता संपता जन्मला तो. आईनं उशीर केला,
म्हणून तर हे नाव.
आठ महिन्यांचं शिंगरू होतं
तेव्हाच त्याला वर्षाचं करून टाकलं.
"चार महिने कुणी खाल्ले त्याचे?"

घोडं पेंड खात होतं ते इथं.
माझ्याकडे न बघता त्यानं सांगितलं,
पोर्ट पिरीच्या अनाथाश्रमात एकोणीस मुलं होती
ज्यांच्या जन्मदिवसाचा कुणालाच पत्ता नव्हता.
मेट्रननं सगळ्यांना मिळून एक तारीख दिली, एक जानेवारी,
आणि एकच पुडिंग, एकोणीस चमचे.
"ऐंशीचा आहे मी. असं पेन्शनवाले म्हणतात."

चौदाचा भाव होता. मी खडूनं एकवीस केला.
वडील असते तर पिशवीच हिसकावून घेतली असती.

सोळाशे मीटर. चौदाशेपर्यंत तो पुढे,
मान लांब, कान मागे पडलेले,
मग नऊ वर्षं, किंवा आठ वर्षं आठ महिने,
मागच्या पायांत एकदम उतरली.
चौथा.
जिंकला तो चार वर्षांचा, परवा रात्री तीनचा होता.

क्लेम परत आला. तिकीट फाडलं नाही,
टोपीच्या पट्टीत खोचलं.
"बघ, नियम बरोबरच होता माझा," चक्क खुशीत म्हणाला.
आणि मग, खिशातली चिल्लर चाचपत,
"पुढच्या शनिवारी कुठं धावतोय तो?"