लहान ते परत टाकायचं

सहा आठवडे बादली उचलायची नाही, डॉक्टरीण म्हणाली.
बादली म्हणजे बारा किलो तिसऱ्या
आणि वर खाडीचं पाणी.
मी बरं म्हटलं,
खिडकीत खुर्ची ओढली,
ओहोटीचं कोष्टक मांडीवर घेतलं.

खाली कारिलच्या वाळूत सगळ्या ओणव्या.
रेमेदियोस, तिची सून, पिवळ्या बुटांतली उर्सुला,
ढुंगणं आभाळाकडे.
दंताळ्यांचा आवाज इथवर पोचत नाही,
माझ्या पाठीला मात्र ऐकू येतो.

नवऱ्यानं त्याच्या आईला फोनवर सांगितलं, पिशवी काढली.
जशी काही परसातल्या खुंटीवरची फाटकी जाळी.
अकरा वर्षं, महिन्याचे नऊ दिवस,
रबरी विजारीच्या आत रक्त, बाहेर समुद्र,
हे फोनवर कुणी सांगत नाही.

मला एकच विचारायचं होतं :
ती होती तिथे आता काय आहे?

डॉक्टर आंतियानं औषधांच्या कागदामागे चित्र काढलं.
पोकळी राहत नाही म्हणाली.
आतडी सरकतात, खाली उतरतात,
मूत्राशय जरा ऐसपैस होतं.
(आमच्याकडे वाळूतल्या वाफ्यांच्या खुंट्या
अशाच रात्रीत सरकतात,
सकाळी कुणीच सरकवलेल्या नसतात.)
वाटेचं वरचं टोक टाके घालून शिवलंय.
अंडाशयं दोन्ही जागच्या जागी.

विसाव्या दिवशी छाती ठणकली.
नवऱ्याचा चमचा बशीवर वाजला
आणि मला रडू आलं.
मी कोष्टक पाहिलं : उधाण नव्हतं,
साधं भांगाचं पाणी.
चंद्राचं मला सांगू नका,
आमचं कधीच जमलं नाही.
डाग नाही. चड्डी कोरी,
दुसऱ्याच कुणाची तरी असावी तशी.
पण आत कुणीतरी
वेळेवर कामाला आलं होतं.

दर महिन्याला अंडं सुटणारच, आंतिया म्हणाली.
मग जातं कुठे?
कुठेच नाही. शरीर विरघळवतं, परत घेतं.

मी हसले. टाके ओढले गेले.
तीस वर्षं दुसरं काय केलं मी?
लोखंडी कडीतून आरपार पडते ती शिंपली लहान.
लहान ते परत टाकायचं.
पहारेकरी बघत नसला तरी,
त्या दिवसाचं माप भरलं नसलं तरी.

सहावा आठवडा संपला तेव्हा उतरले.
पाणी घोट्यांना चावलं.
रेमेदियोसनं विचारलं, आता हलकं वाटत असेल ना?
काय सांगू.
वजन तेवढंच आहे गं,
मांडणी बदललीय.

वाकले, दंताळं ओढलं.
उजव्या कुशीत काहीतरी
अजून नीट बसायला जागा शोधत होतं.
मी थोडी थांबले,
त्याचं होऊ दिलं.